बुडालो तर?

नगर-पुणे महामार्गावर सुप्याजवळ थोडा वेळ उभे राहा. हेल्मेट न घालता, कधी तिघे-तिघे, भरधाव जाणारी कॉलेजची मुले दिसतील. त्यांतल्याच एखाद्याला विचारा, "एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी छोटे वर्कशॉप काढशील का?" उत्तर बहुधा येते, "नको, बुडालो तर?"

जिवाची पर्वा न करणारा मुलगा पैशाला का घाबरतो? कारण धाडस हा एकच एक गुण नाही. रस्ता, पैसा, आरोग्य, परीक्षा अशा प्रत्येक ठिकाणी आपली जोखमीची वृत्ती वेगळी असते. भारतासह ११ देशांतील पाच हजारांहून अधिक मुला-तरुणांच्या अभ्यासात थराराची ओढ १९ व्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक आढळली. स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र २३ ते २६ वर्षांपर्यंत वाढत राहते. महामार्गावरचा वेग हा या वयाचा परिणाम. त्याला उद्योजकता समजू नये.

मग पैशाची जोखीम कोण घेतो? क्रिस्टोफर शी आणि एल्के वेबर यांनी १९९९ मध्ये चिनी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. सर्वांचा अंदाज होता की अमेरिकी जास्त धाडसी ठरतील. गुंतवणुकीच्या निर्णयांत मात्र चिनी विद्यार्थी पुढे निघाले. अभ्यास व औषधोपचाराच्या निर्णयांत तसे दिसले नाही. संशोधकांचे स्पष्टीकरण साधे आहे: पडलो तर नातेवाईक पैशाने सावरतील, हा भरवसा. मार्क किंवा आजार कुणी वाटून घेऊ शकत नाही.

पारनेर तालुका अवर्षणप्रवण. एका पावसावर आणि दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घरात "बुडालो तर?" हा प्रश्न भित्रेपणाचा नाही, हिशेबाचा आहे. म्हणून मुलांना नुसते "धाडस कर" सांगून भागत नाही. आधी कंपनीत काम करून धंदा शिकावा. गेली तरी जमीन विकावी लागणार नाही, एवढीच रक्कम लावावी. किती तोटा झाल्यावर थांबायचे, हे सुरुवातीलाच कागदावर लिहावे. आणि आईवडिलांनी आधीच सांगावे, "नाही जमलं तरी घर तुझंच आहे." याला खर्च येत नाही, पण आधार मोठा असतो.

तोट्यानंतर दोन आठवडे झोप, भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो आळस समजू नका. सरकारी रुग्णालयात या किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर दोन आठवडेही थांबू नका.