निकालाचा दिवस आणि डेटाबेस सर्व्हरवरील भार

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर होताच संकेतस्थळे कित्येक तास ठप्प झाली. विद्यार्थी १५ लाखांहून अधिक होते. अशा गर्दीत नेमके काय घडते? साध्या रचनेत प्रत्येक विचारणेसाठी डेटाबेस सर्व्हरशी एक जोडणी उघडते. जोडण्या मर्यादित असल्याने उरलेले रांगेत थांबतात, पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि रांग वाढतच जाते.

उपाय तीन आहेत. मोजक्या जोडण्या खुल्या ठेवून आळीपाळीने वापराव्यात. बैठक क्रमांकानुसार इंडेक्स तयार करावा. जाहीर झालेला निकाल सहसा बदलत नाही, म्हणून त्याच्या तयार प्रती अनेक सर्व्हरांवर आधीच ठेवाव्यात. महाविद्यालयात आपण प्रत्येकासाठी नोंदवही उघडत नाही, यादी फलकावर लावतो. तत्त्व तेच आहे. खेड्यातून सायबर कॅफेपर्यंत आलेला विद्यार्थी त्यामुळे रिकाम्या हाताने परतणार नाही.