लिनक्स मिंट : नवशिक्याची कार्यप्रणाली आणि मराठी अक्षर

संगणक सुरू होताच आपल्या आणि यंत्राच्या मध्ये जी अदृश्य व्यवस्था उभी राहते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावरील बोटाचा दाब, पडद्यावर उमटणारे अक्षर, साठवून ठेवलेले लेखन, हा सर्व व्यवहार तिच्यामार्फत चालतो. साहित्याच्या अभ्यासकाने तिचा विचार करण्याचे कारण नाही, असे प्रस्तुत लेखकालाही पुष्कळ वर्षे वाटत असे. ते मत बदलण्यास स्वतःचाच प्रबंध कारण झाला. वीसएक वर्षांपूर्वी तो एका मराठी अक्षरजुळणीच्या साधनावर टंकलिखित केला होता. साधन तयार करणाऱ्याने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपल्या मर्जीने बसवले होते, आणि त्या मांडणीचा तक्ता स्वतःपाशीच ठेवला होता. आज ती फाइल उघडली तर रोमन चिन्हांचा निरर्थक ढीग तेवढा दिसतो. छापील प्रत होती म्हणून प्रबंध उरला, टिपणे गेली.

लिपीचे नियम कोणाच्या हाती असावेत, हा प्रश्न तेव्हा पडला. लिनक्स मिंटकडे मी त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहतो.

तिची वंशावळ पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या आधारे १९९३ मध्ये डेबियन, डेबियनवरून २००४ मध्ये उबंटू, आणि उबंटूवरून २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी मिंट सिद्ध केली. प्रत्येकाने पूर्वीची संहिता घेतली, काही गाळले, काही घातले आणि आपला पाठ पुढे दिला. हे चोरून झालेले नाही. गाभ्याचा परवानाच असा आहे की मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची संहिताही द्यावी. (मिंटच्या आवृत्त्यांना वर्णक्रमाने स्त्रियांची नावे देतात. पहिली ‘एडा’, आणि २०२४ मधील बाविसावी ‘विल्मा’.)

लिनक्स म्हणजे तज्ज्ञांचे काम, ही समजूत एके काळी खोटी नव्हती. मिंटने ती पुष्कळशी दूर केली. प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातील मजकुराला हात न लावता, पाहता येते. पटली तरच बसवावी. डाव्या कोपऱ्यातील सूची, तळाची पट्टी ही ओळखीची रचना तिने जपली. २०११ मध्ये ग्नोम या प्रसिद्ध पडदारचनेने जुनी वळणे टाकली, तेव्हा मिंटने ‘सिनॅमन’ ही आपली वेगळी रचना उभारली. नव्याचा सोस नसणे हाही एक गुण आहे. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर ती बरी चालते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विभागातील ज्या जुन्या यंत्रांवर पुढची आवृत्ती चढत नाही, ती लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही.

आता अक्षराकडे वळू. ‘कि’ लिहिताना वेलांटी आपण व्यंजनानंतर टंकतो. ती दिसते मात्र आधी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर, आणि ते राखायचे एका रफाराने. ही जुळणी करणारे घटक मिंटमध्ये खुले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव पँगो: ‘सर्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘भाषा’ या अर्थाचा जपानी शब्द यांचा समास. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट मांडणी जोडता येते. तीत क ची जागा मराठी, बांगला, तमिळ सर्वांत एकच. एक लिपी बोटांत बसली की दुसरीसाठी बोटांना नव्याने शिकवावे लागत नाही.

सर्वांत रोचक भाग अनुवादाचा. सूच्या आणि सूचना यांची इंग्रजी वाक्ये एका फाइलीत क्रमाने असतात. प्रत्येकीखाली अनुवादकाने आपले वाक्य लिहायचे. वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ नसतो. शिवाय काही ठिकाणी रिकामी जागा असते. तीत कोणते नाम येईल हे संगणक आयत्या वेळी ठरवतो. ‘अमुक हटवले’ एवढेच वाक्य घ्या. फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवले: मराठी क्रियापदाला कर्माचे लिंग कळल्यावाचून पुढे जाता येत नाही. (‘हटवले’ऐवजी ‘काढले’ योजावे, तर ‘चित्र काढले’ याचा अर्थ भलताच होतो.) मग अनुवादक ‘अमुक ही बाब हटवली’ अशी पळवाट काढतो. संगणकाची मराठी सरकारी परिपत्रकासारखी वाटते, याला अनुवादकाच्या आळसाइतकेच हे व्याकरणही कारण आहे. हिंदीची अडचण हीच. बांगलात नामाला व्याकरणिक लिंग नाही, मलयाळममध्ये क्रियापद नामाप्रमाणे बदलत नाही, म्हणून तेथील अनुवादक या ठिकाणी सुटतात.

मिंटमधील मराठी सर्वत्र पूर्ण नाही, आणि काही प्रतिशब्द मला अगदीच अमान्य आहेत. मराठीत सुरू झालेली सूची मध्येच इंग्रजी होते, हा अनुभव सुखद नव्हे. माझी जुनी टिपणेही मिंटने परत दिलेली नाहीत. हरवलेला तक्ता ती कोठून आणणार? परंतु अमान्य प्रतिशब्दावर पर्याय सुचवण्याचा मार्ग येथे उघडा आहे. मूळ अनुवाद स्वयंसेवकांनीच केलेला आहे, आणि त्यासाठी प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नसते.

मागील सत्रात अनुवादाच्या वर्गात अशी चाळीस वाक्ये वाटली. मराठी आणि हिंदीच्या विद्यार्थ्यांनी दोन तासिका वाद घातला. रिकाम्या जागेपुढे ‘वस्तू’ असावे की ‘घटक’, याचा निकाल लागला नाही. मलयाळमची विद्यार्थिनी पहिल्या तासिकेतच काम संपवून, दोघांच्या वह्या आळीपाळीने पाहत बसली होती.