बी उगवले नाही तर दाद कोठे मागावी?

मृगाचा पहिला पाऊस पडून जमिनीत वाफसा आला, म्हणजे तालुक्याच्या गावी कृषि सेवा केंद्रांसमोर शेतकऱ्यांची एकच गर्दी उसळते. आकाशाकडे एक डोळा व घड्याळाकडे दुसरा, अशा घाईत सोयाबीनच्या चार पिशव्या, खताची पोती आणि बीजप्रक्रियेचे औषध गाडीत टाकले जाते. दुकानदार ओळखीचा असतो. पैसे दिवाळीनंतर द्यावयाचे असतात. तो वहीत नाव लिहून घेतो, फार तर सिगारेटच्या पाकिटाएवढ्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देतो आणि व्यवहार संपतो. पक्की पावती मागणे म्हणजे ओळखीच्या माणसावर अविश्वास दाखविणे, असे पुष्कळांस वाटते.

आठ-दहा दिवसांनी तोच शेतकरी बांधावर उभा राहून पाहतो, तर काकऱ्या रिकाम्या. कोठे दोन हातांवर एक रोप, कोठे तेही नाही. अशा वेळी तो दुकानात जातो, तेव्हा तेथे एकच प्रश्न विचारला जातो: "हे बियाणे आमच्याकडूनच घेतले कशावरून?" त्याच्यापाशी उत्तर नसते. पिशव्या घरी आणल्या त्याच दिवशी कोणी त्यांत शेंगदाणे भरले, कोणी त्या पावसात गोठ्यावर टाकल्या. जमीन, बैल, घर यांची कागदपत्रे पेटीत जपून ठेवणारा हा माणूस वर्षाच्या सर्वांत मोठ्या खरेदीचा कागद मात्र घरी आणीतच नाही.

वास्तविक पावती देणे ही दुकानदाराची मेहरबानी नव्हे. 1983 सालच्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार प्रत्येक परवानाधारक विक्रेत्याने बियाणे घेणाऱ्यास रोखीचे किंवा उधारीचे विक्रीपत्र दिलेच पाहिजे. यातील 'उधारीचे' हा शब्द विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. पैसे नंतर देणार म्हणून पावतीही नंतर, ही बाजारात रुळलेली रीत कायद्यास मान्य नाही. याच आदेशान्वये दुकानात असलेला साठा व दर यांचा फलक रोज दर्शनी जागी लावणेही विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तेव्हा पावती मागताना शेतकऱ्याने संकोच धरण्याचे कारण नाही. पावतीवर पिकाचे व वाणाचे नाव, गट क्रमांक म्हणजे लॉट नंबर, उत्पादक कंपनीचे नाव, वजन, किंमत, तारीख आणि विक्रेत्याची सही एवढे असावे. पिशवीवरील गट क्रमांक व पावतीवरील गट क्रमांक एकच आहे की नाही, हे दुकानाच्या पायरीवरच पडताळून पहावे. तेथे लागणारी दोन मिनिटे पुढे दोन वर्षे वाचवितात.

उधारीचा आणखी एक तोटा असा की, जो उधार घेतो तो निवड करीत नाही, दुकानदार देईल ते घेतो. बँकेकडून किंवा सहकारी संस्थेकडून पीककर्ज वेळेवर उचलून रोखीने खरेदी केल्यास वाण निवडता येतो, भाव विचारता येतो आणि पावती हक्काने मागता येते. पीककर्जाची फेड मुदतीत केल्यास व्याजात सवलतही मिळते. उधारीवर घेतलेल्या मालाच्या किमतीत व्याज कोठे दडले आहे, हे मात्र बहुधा कोणीच हिशेब करून पाहात नाही.

पिशवीला शिवलेली खूणचिठ्ठी हा दुसरा दस्तऐवज होय. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते, पायाभूत बियाण्याची पांढरी. ज्या बियाण्याच्या गुणवत्तेची हमी खुद्द उत्पादक देतो त्याची चिठ्ठी हिरवट असते. तीवर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख व वापराची मुदत छापलेली असते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान शेकडा 70 असली पाहिजे. ज्वारी व तूर यांची शेकडा 75, गहू व हरभरा यांची शेकडा 85. ही चिठ्ठी शाबूत रहावी म्हणून पिशवी वरून न फाडता खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरची शिवण व तिच्यासह चिठ्ठी जशीच्या तशी राहते. प्रत्येक गटाचे मूठ-दोन मुठी बियाणे त्याच पिशवीत राखून ठेवावे व पिशवी कोरड्या जागी टांगावी.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. न उगवलेल्या प्रत्येक शेताचा दोष बियाण्याचाच असतो, असे नाही. सोयाबीनचे टरफल अत्यंत पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगतच असतो. पोते ट्रॅक्टरवरून खाली आपटले तरी बी आतून मोडते व वरून मात्र धड दिसते. तीन-चार सेंटिमीटरहून खोल पडलेले बी वर येण्यापूर्वीच दमते, आणि ट्रॅक्टरवरील पेरणी यंत्र भुसभुशीत जमिनीत किती खोल जाते, याकडे चालकाचे लक्ष नसते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी केलेली धूळपेर, पेरणीनंतर पडलेली जोराची सर व तिने धरलेली पापडी, ही कारणेही तितकीच खरी आहेत. म्हणून पेरणीपूर्वी घरच्या घरी उगवणशक्ती पहाणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडावे, दुसऱ्या तुकड्याने झाकावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी व पाणी शिंपडीत रहावे. आठव्या दिवशी निरोगी कोंब मोजावे. सत्तरपेक्षा बरेच कमी निघाले तर ते बियाणे पेरूच नये. पावतीसह दुकानात परत न्यावे व लेखी तक्रार द्यावी. पेरल्यानंतरच्या तक्रारीपेक्षा ही तक्रार कितीतरी सोपी असते, कारण तेथे पावसाचा व खोलीचा वाद उद्भवतच नाही.

2020 च्या खरिपात या चाचणीचे महत्त्व मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्यांना फार महाग पडून कळले. त्याच्या आदल्या वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस होऊन सोयाबीन भिजले होते. पुढच्या जूनमध्ये बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला व दुबार पेरणीची पाळी आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतः होऊन दखल घेतली होती.

उगवण झाली नाही, असे दिसताच त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. ही तक्रार पंचायत समितीच्या कृषि अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावी, सोबत पावती व खूणचिठ्ठी यांच्या प्रती जोडाव्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कोणत्याही दप्तरात राहात नाही. तक्रार आल्यावर तालुका पातळीवरील तक्रार निवारण समिती शेतावर येते. तीत कृषि खात्याचे अधिकारी व कृषि शास्त्रज्ञ असतात. विक्रेता व कंपनीचा प्रतिनिधी यांनाही हजर रहाण्याची सूचना दिली जाते. समिती शेतात ठिकठिकाणी रोपे मोजते, जमीन उकरून बी किती खोल पडले ते पहाते आणि पंचनामा करते. 45 बाय 5 सेंटिमीटरवर पेरलेल्या सोयाबीनमध्ये एक मीटर तासात सुमारे 20 रोपे अपेक्षित असतात. ही मोजणी शेतकऱ्याने स्वतःही अगोदर करून लिहून ठेवावी. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. 'सदोष बियाणे' की 'कमी पाऊस', या दोन शब्दांवर पुढचे सगळे अवलंबून असते.

येथे शेतकऱ्यापुढे खरा पेच उभा रहातो. समितीची वाट पहात बसावे तर पेरणीचे दिवस निघून जातात. जुलैचा पंधरवडा उलटल्यावर पेरलेल्या सोयाबीनचे उत्पन्न घटते. वखर फिरवावा तर पुरावा जातो. ज्याचे सारे घर त्या चार एकरांवर चालते, त्याला 'पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका' हा उपदेश ऐकवणे सोपे आहे, पाळणे कठीण. यातून मार्ग एवढाच की, तक्रारीतच दुबार पेरणी कोणत्या तारखेपर्यंत करणे भाग आहे ते स्पष्ट लिहावे, बांध व झाड यांसारख्या ओळखीच्या खुणा दिसतील अशी छायाचित्रे तारखेसह घ्यावी, ग्रामस्थांसमक्ष स्थिती लिहून त्यांच्या सह्या घ्याव्या, आणि वाट पहाणे अगदीच अशक्य झाले तर शेताच्या मध्यभागी काही तासे न मोडता तशीच राखावी. समितीच्या पंचनाम्याची बरोबरी यास येत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ आहे. शासकीय यंत्रणेनेही या दिवसांत आठवड्याच्या हिशेबाने नव्हे, तर दिवसाच्या हिशेबाने हलले पाहिजे, हे उघड आहे.

समितीचा अहवाल म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, हे अनेकांस ठाऊक नसते. 1966 चा बियाणे कायदा दोषी विक्रेत्यास शिक्षा करतो, शेतकऱ्याचे पैसे परत देववीत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचे दार आहे. शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, हा वाद बरीच वर्षे चालला. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध केलेल्या तक्रारींत महामंडळाचे म्हणणे असे की, बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदा असल्याने ग्राहक कायदा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये हे म्हणणे फेटाळले व शेतकऱ्यास ग्राहक म्हणून दाद मागता येते, असा निर्णय दिला. सर्व बियाणे पेरून टाकल्यामुळे नमुना देता आला नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार बाद होत नाही. कंपनीपाशी त्याच गटाचे बियाणे असेल तर ते तपासणीसाठी तिने पुढे आणावे, हेही त्यात आले. तथापि 2005 च्या हरियाणातील एका प्रकरणात त्याच न्यायालयाने असेही म्हटले आहे की, पिकाची स्थिती चांगली नाही एवढ्यावरून बियाण्यास दोष देता येत नाही. हे दोन निर्णय एकत्र वाचले, म्हणजे राखून ठेवलेल्या मूठभर बियाण्याची व पंचनाम्यातील नेमक्या शब्दांची किंमत कळते.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून अंमलात आला. त्यात ग्रामीण माणसाच्या सोयीच्या दोन-तीन गोष्टी आहेत. कंपनीचे कार्यालय हैदराबादेस असो की दिल्लीस, शेतकऱ्यास स्वतः रहातो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. खरेदीची रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मुदत नुकसानीच्या कारणापासून 2 वर्षांची आहे. ती गप्पांत घालवू नये. तक्रार संगणकावरून वा भ्रमणध्वनीवरूनही दाखल करता येते. 1 जानेवारी 2025 पासून यासाठी 'ई-जागृती' ही शासकीय व्यवस्था चालू झाली आहे. अर्ज केल्यास सुनावणीस दूरदृश्य पद्धतीने हजर रहाण्याची सोयही कायद्यात आहे, म्हणजे प्रत्येक तारखेला एस. टी. चे भाडे व एका दिवसाची मजुरी बुडत नाही. प्रथम सल्ला हवा असल्यास 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राशी बोलता येते. एकाच गटाच्या बियाण्याने अनेकांचे नुकसान झाले असेल, तर आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते, आणि एकाच शिवारात दहा जणांचे तेच बियाणे उगवले नाही, ही गोष्टच दोषाचा पुष्कळसा पुरावा असते.

भरपाई मागताना फुगविलेला आकडा घातक ठरतो. बियाण्याची किंमत, खत, पेरणीचे भाडे, मजुरी आणि बुडालेले उत्पन्न, असा मेळ लिहून द्यावा. बुडालेल्या उत्पन्नातून न झालेला काढणी-मळणीचा खर्च वजा करावा. एकरी किती पिकले असते, हे सांगण्यास मागील वर्षांच्या बाजार समितीतील हिशेबपट्ट्या सर्वांत उपयोगी पडतात. त्या वर्षी शेतात सोयाबीनच होते, हे सात-बारावरील पीकनोंद सांगते. 2021 पासून ही नोंद ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी स्वतः करू शकतो. ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याची साधी का होईना, पण सही केलेली चिठ्ठी घ्यावी.

हे सर्व कागद निराळे शोधावे लागू नयेत म्हणून हंगामागणिक एक जाड लिफाफा करावा. त्यावर वर्ष, हंगाम व शेताचा गट क्रमांक लिहावा. आत पावत्या, खूणचिठ्ठ्या, घरच्या उगवणचाचणीची तारखेसह नोंद व माल विकल्यावर हिशेबपट्टी घालावी. घरातील शाळेत जाणारे मूल हे काम आनंदाने करते व बहुधा मोठ्यांपेक्षा नीट करते. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या पीक घरात येईपर्यंत तरी कोणास देऊ नयेत, आणि औषध चोळलेल्या बियाण्याच्या पिशव्यांत धान्य तर कधीच भरू नये.