हक्काचे पैसे मागताना संकोच कशाला?

हिंगणा एमआयडीसी परिसरात लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशनची छोटी वर्कशॉप चालविणाऱ्या आपल्या बांधवांना एक अनुभव नवा नाही. काम वेळेवर दिले, पैसे मात्र अडकले. मागायला जावे तर "पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळते आणि आपण मुकाट्याने परततो. जास्त बोललो तर पुढचे काम जाईल, ही धास्ती असते.

ठामपणे बोलणे म्हणजे भांडण नव्हे. आवाज चढविणाऱ्याचे काम बिघडते आणि गप्प बसणाऱ्याचे पैसे बुडतात. हातात कागद असला आणि कायदा ठाऊक असला, म्हणजे शांतपणे बोलता येते.

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. ज्याला व्याज घ्यावयाचे नाही, त्याने मुद्दलापुरताच दावा करावा. मालाबद्दल तक्रार असेल तर ती गिऱ्हाइकाने १५ दिवसांच्या आत लेखी द्यायला हवी. दोन महिन्यांनी "माल बरोबर नव्हता" असे तोंडी सांगून मुदत पुढे ढकलता येत नाही.

एवढ्यावरही पैसे मिळाले नाहीत, तर राज्य सरकारने नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कौन्सिलचा निवाडा आपल्या बाजूने लागला आणि समोरच्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचे असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

यासाठी 'उद्यम' नोंदणी आवश्यक आहे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी विनामूल्य आहे. एजंटला पैसे देण्याची गरज नाही. काम घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी. मात्र निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून ही नोंदणी केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी मिळते, विलंबित पैशांच्या तरतुदीसाठी नाही. त्यांनी उधारीची मर्यादा आधीच ठरवावी.

रोजच्या व्यवहारात तीन सवयी लावून घ्याव्यात. पहिली, दर आणि मुदत काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तेव्हा लिहून मागणे हा अविश्वास ठरत नाही. दुसरी, प्रत्येक डिलिव्हरी चलनावर तारखेसह सही घ्यावी. तिसरी, सगळे काम एकाच कारखान्याचे घेऊ नये. ज्याची दोन-तीन गिऱ्हाइके आहेत, त्यालाच न परवडणारा दर नाकारता येतो.

मागणी करताना बोलणे साधे असावे: "साहेब, अमुक तारखेला माल दिला, मुदत संपली आहे. पैसे कोणत्या दिवशी मिळतील ते सांगा." तारीख मिळाली की ती त्याच दिवशी पत्राने किंवा मोबाइलवर लिहून कळवावी.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आपण दुसऱ्या छोट्या कारागिराकडून काम करून घेतो, तेव्हा त्याचेही पैसे मुदतीत गेले पाहिजेत. त्याला हेलपाटे घालायला लावून आपण आपल्या हक्काची भाषा कोणत्या तोंडाने बोलणार?