चौकातले सूर्य-चंद्र

पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर लग्न असलं की कुडाची भिंत सारवली जाते आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने तिच्यावर लग्नचौक काढतात. मधोमध पालघट देवी, वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र. धवलेरी, म्हणजे लग्नाची पुरोहित स्त्री, गाणी म्हणत लग्न लावते, तेव्हा आकाशही साक्षीला हजर असतं.

भिंतीवर हे दोघे हाकेच्या अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात चंद्रावरून प्रकाश सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून आठ मिनिटांहून अधिक वेळाने. आपल्या आकाशगंगेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याला सुमारे १ लाख वर्षं लागतात!

अंतरांसारखाच काळही अफाट, आणि त्याची खूण याच जिल्ह्यात आहे. बोईसरजवळच्या तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथे इंधन म्हणून वापरलं जाणारं युरेनियम पृथ्वीपेक्षाही जुनं. सूर्यमाला साडेचार अब्ज वर्षांपूर्वी आकाराला आली, त्याआधीच कुठल्यातरी ताऱ्यांच्या प्रलयात ते घडलं होतं.

एवढ्या अफाट विश्वात मग पालघटीचं काय? पीक आणि संसार फळावा, ही तिच्याकडची मागणी. सूर्य किती लांब, हा प्रश्न चौक विचारतच नाही. त्याच्या उन्हावर भात पिकतं, एवढं चौकाला पुरतं.

डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये ते गेले. लग्नघरातला चौक मात्र आजही भिंतीवरच काढतात.