रसशाळा आणि मर्यादित दायित्व

भागीदारीतील रसशाळेचे कर्ज थकल्यास भागीदाराचे राहते घरही धोक्यात येते. खासगी मर्यादित कंपनीत भागधारकाचे दायित्व भागांच्या न भरलेल्या रकमेपुरतेच असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यासाठी किमान २ सभासद व २ संचालक लागतात. किमान भांडवलाची अट २०१५ मध्ये रद्द झाली. प्रथम डिजिटल स्वाक्षरी घ्यावी. मग घटनापत्रक व नियमावलीसह ‘स्पाइस प्लस’ अर्ज कंपनी निबंधकांकडे करावा. नोंदणीपासून १८० दिवसांत व्यवसायारंभाचे घोषणापत्र द्यावे. त्यापूर्वी व्यवसाय वा कर्ज नको. निर्मिती-परवानाही कंपनीच्या नावे हवा. मात्र संचालकाने बँकेस वैयक्तिक हमी दिल्यास त्या कर्जापुरते हे कवच गळून पडते. आणि रुग्णाप्रति वैद्याचे उत्तरदायित्व तर कोणत्याही नोंदणीने मर्यादित होत नाही.