पोलीस पडताळणीत चुकीची नोंद निघाली तर?

अंधेरीतल्या कंपनीत रुजू व्हायचे असो, बोरिवलीच्या शाळेत नोकरी धरायची असो, की मुलुंड-घाटकोपरहून परदेशी जायचे असो, पोलीस पडताळणी काही चुकत नाही. बहुतेकांची ती सुरळीत पार पडते. पण एखाद्याच्या अहवालात न केलेला गुन्हा किंवा केव्हाच संपलेला खटला निघतो. मग नाक्यावरचे सल्ले सुरू होतात: ‘वर ओळख काढ’, ‘एजंट गाठ’, ‘गप्प बस, आपोआप निघेल’. तिन्ही महागात पडतात, कारण ते गैरसमजांवर उभे आहेत.

गैरसमज 1 : पोलिसांचा शेरा प्रतिकूल आला, म्हणजे पासपोर्ट गेला.

वस्तुस्थिती : पोलीस अहवाल देतात, निर्णय पासपोर्ट कार्यालय घेते. मुंबईकरांसाठी ते वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. खुलासा मागणारे पत्र आले की कागदपत्रांसह लेखी उत्तर द्या आणि फेरपडताळणीची मागणी करा. पासपोर्ट नाकारलाच, तर 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 5(3) नुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि काही अपवाद वगळता मागितल्यावर त्यांची प्रत द्यावी लागते. कलम 11 खाली अपील करता येते. मुदत 30 दिवसांची आहे, ती हुकवू नका.

गैरसमज 2 : एफआयआरमध्ये नाव आले की पासपोर्ट मिळतच नाही.

वस्तुस्थिती : कायद्यातली अडचण फौजदारी न्यायालयात प्रलंबित असलेल्या खटल्याची आहे. नुसता एफआयआर किंवा चालू तपास त्यात मोडत नाही. न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागते, असे परराष्ट्र मंत्रालयाने 10 ऑक्टोबर 2019 च्या पत्रकात स्पष्ट केले आहे. खटला खरोखर चालू असला तरी दार बंद होत नाही. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार त्याच न्यायालयाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो.

सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणात नोंदलेली एन.सी. ही अदखलपात्र तक्रार असते, एफआयआर नव्हे. ‘चॅप्टर केस’ ही शांतता राखण्याचा बाँड घेण्याची प्रतिबंधक कारवाई असते, शिक्षा नव्हे. अहवालात यांनाच ‘गुन्हा’ म्हटले असेल तर खुलाशात तो फरक नेमका मांडा.

गैरसमज 3 : नाव जुळले, म्हणजे माणूस तोच.

वस्तुस्थिती : खासगी पडताळणी संस्था बऱ्याचदा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेतात. उपनगरांत जाधव, शिंदे, शाह, शेख, यादव या आडनावांना तोटा नाही; त्यात इंग्रजीत कोणी सावंत ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने. पक्षकारांच्या यादीत अनेकदा नुसते नाव असते, वडिलांचे नाव नाही की पत्ता नाही.

म्हणून आधी एचआरकडून अहवालाची प्रत आणि खटल्याचा सीएनआर क्रमांक लेखी मागा. हा क्रमांक 16 अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीची दोन अक्षरे राज्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. त्यावरून न्यायालय कळते: अंधेरी, बोरिवली, मुलुंड की विक्रोळी. मग आरोपपत्रातले आरोपीच्या वडिलांचे नाव, वय आणि पत्ता तुमच्या आधार व शाळा सोडल्याच्या दाखल्याशी ताडून पाहा. त्या खटल्याशी तुमचा संबंध नसला तरी त्रयस्थ म्हणून न्यायालयाच्या परवानगीने नक्कल मागता येते. तफावतीचे मुद्दे एका पानावर मांडा, सोबत मुंबई पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडा आणि फेरतपासणी मागा. परदेशासाठीचे पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मात्र वेगळे. ते पासपोर्ट कार्यालय देते, शुल्क 500 रुपये.

गैरसमज 4 : निर्दोष सुटलो की नोंद आपोआप पुसली जाते.

वस्तुस्थिती : नोंद राहते, तिच्यापुढे निकाल चढायला हवा. तो चढला नसेल तर ठाण्याच्या दप्तरात प्रकरण वर्षानुवर्षे ‘न्यायप्रविष्ट’ दिसत राहते. न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, ती अर्जासोबत पोलीस ठाण्यात द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोलिसांनी तपास बंद करण्याचा समरी अहवाल दिला असेल तर तो मंजूर केल्याचा न्यायालयाचा आदेश जोडा. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही वा पुरावा मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोडसाळपणे खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असेल तर तो आदेश लावा.

गैरसमज 5 : जुने प्रकरण लिहिलेच नाही, तर कोणाला कळणार?

वस्तुस्थिती : सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी अटक झाली होती का’, ‘खटला चालला होता का’ असे विचारले असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘होय’ लिहून पुढे निकाल नमूद करायचा. अवतार सिंग खटल्यात (2016) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की माहिती खरीच द्यायला हवी. प्रकरण क्षुल्लक असेल तर ती दडवल्याची चूक नियोक्ता माफ करू शकतो. म्हणजे माफी त्याच्या मर्जीवर. पासपोर्ट अर्जात जाणूनबुजून माहिती दडवल्यास कलम 12 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

गैरसमज 6 : ठाण्यात दाद मिळाली नाही, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती : माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर, गुन्हा क्रमांक देऊन, प्रकरणाची सद्यस्थिती विचारता येते; उत्तराची मुदत 30 दिवस. अधिसूचित सेवा वेळेत मिळाली नाही तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपिले आहेत आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. तरीही चूक कायम राहिली तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग मोकळा आहे.

तोंडी समजूत घालून फाइल हलत नाही. ज्यांचा खटला संपला आहे त्यांनी पडताळणीची वाट न पाहता निकालाची सर्टिफाइड कॉपी आत्ताच काढावी आणि पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. नोकरीचे पत्र हातात आल्यावर नकलेसाठी धावाधाव केली, तर रुजू होण्याची तारीख थांबत नाही.